मृगाच्या किड्याचं गोत



मृग नक्षत्र लागलं, पहिला पाऊस पडून गेला, की माळावर, शेताच्या बांधावर मखमलीचा लाल ठिपका चालताना दिसतो. मराठीत तो मृगाचा किडा, संस्कृत कवींचा इंद्रगोप, उर्दूत बीरबहूटी. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तल्या वर्षावर्णनात तो आहे आणि युनानी हकिमांच्या औषधांतही आहे. इतकी नावं मिळवलेला हा जीव खरं तर कीटक नाहीच. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. हा कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातला. त्याच्या कुळाला इंग्रजीत माइट म्हणतात. शेतीच्या पुस्तकांत 'कोळी कीड' असा शब्द सापडतो.

वर्षातले बहुतेक दिवस तो जमिनीखाली असतो. पाऊस झाला की वर येतो, छोटे कीटक खातो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा खाली जातो. अंड्यातून निघालेलं त्याचं पिल्लू मात्र सहाच पायांचं असतं. ते नाकतोड्यासारख्या एखाद्या कीटकाला चिकटून त्याच्यावर पोसतं आणि पोट भरलं की गळून मातीत शिरतं. उरलेले दोन पाय मागाहून येतात.

आम्ही कवी मंडळी जे चमकतं त्याला चटकन नाव देतो. आज मला बोलायचं आहे ते याच्या न चमकणाऱ्या भाऊबंदांविषयी. मृगाचा किडा सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे या कुळातला तो राक्षसच. मातीतले बाकीचे बहुतेक माइट एक मिलिमीटरही भरत नाहीत. माइटच्या सुमारे ५५ हजार जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यांतल्या ११ हजारांच्या आसपास एकट्या ओरिबॅटिड या गटातल्या आहेत. हा गट मुख्यतः मातीत आणि पालापाचोळ्यात राहतो. थंड प्रदेशातल्या जंगलात एक चौरस मीटर जमिनीत त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. म्हणजे आपण तळहात टेकवू तेवढ्या जागेत कित्येक शेकडा!

डोळ्यांना न दिसणारी ही प्रजा मोजली कशी? १९०५ साली बेर्लेसे नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. नरसाळ्यात जाळी बसवायची, जाळीवर मूठभर पालापाचोळा ठेवायचा आणि वरून ऊब द्यायची. हे जीव उष्णतेपासून आणि कोरडेपणापासून दूर पळतात. खाली खाली सरकत ते जाळीतून नरसाळ्याच्या तळाशी ठेवलेल्या बाटलीत पडतात. बेर्लेसेने उबेसाठी गरम पाणी वापरलं होतं. पुढे टुलग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याजागी विजेचा दिवा लावला. आजही जगभर हीच रीत चालते. शाळेतल्या मुलांना ती सहज करून पाहता येईल.

हे जीव करतात काय? काही शिकारी आहेत, ते आपल्याहून लहान जीव खातात. पण ओरिबॅटिड माइट बुरशी आणि कुजकी पानं खातात. पानाचा चुरा त्यांच्या पोटातून बाहेर पडतो, तेव्हा बुरशी आणि जिवाणूंना काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन ते इकडून तिकडे नेतात. पानात अडकलेलं अन्न हळूहळू सुटं होतं आणि मुळांपर्यंत पोचतं. मराठीत 'मूठमाती देणं' म्हणजे शेवट करणं. आमच्याकडे दफनाच्या वेळी प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो, तीही निरोपाचीच खूण. झाडाखालची ओलसर माती मुठीत घेतली तर मात्र तिच्यात गळलेल्या पानाचा पुढचा प्रवास चालू असतो.

आणि हा उद्योग फार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या दगडात सापडलेले माइट सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. १९२३ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या काळी पृथ्वीवर फूल नव्हतं, पक्षी नव्हता, डायनासोरही नव्हते. दगडी कोळशाच्या काळातल्या लाकडांच्या जीवाश्मांत माइटनी पोखरलेली भुयारं आणि त्यांतली त्यांची विष्ठा मिळाली आहे. वाळवी जन्माला येण्याच्या फार आधी मेलेलं लाकूड मातीत मिळवण्याचं काम हे करत होते. आणखी एक नवल म्हणजे ओरिबॅटिडांच्या दहातल्या साधारण एका जातीत नरांवाचून वंश चालतो. मादीच्या पोटी मादीच जन्मते.

एवढं टिकलेल्या या जिवांची एक दुबळी बाजू आहे. ते सावकाश जगतात. बहुतेक ओरिबॅटिड अंडी थोडी घालतात, आणि थंड प्रदेशातल्या काही जातींना तर मोठं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्यांना पंख नाहीत, चालही धीमी. म्हणून एखाद्या जमिनीतून ते गेले, की लवकर परतत नाहीत. मातीची प्रकृती कशी आहे हे जाणून घ्यायला शास्त्रज्ञ त्यांची मोजदाद करतात, ती यामुळेच.

आता आपल्याकडे पाहा. ऊस तुटला की पाचट पेटवलं जातं. शहरात झाडलोट करून रस्त्याकडेच्या झाडांखालची पानं ढिगाने जाळतात. शेतकऱ्याची अडचण मला कळते. मजूर मिळत नाही, खोडव्याची घाई असते, काडी लावली की तासाभरात रान मोकळं होतं. पण त्या तासाभरात वरच्या थरातली ही प्रजा होरपळते आणि मागे उरलेल्यांचं अन्नही राख होतं. तेच पाचट सरीत दाबून ठेवलं, तर ओल टिकते आणि हे बिनपगारी मजूर कामाला लागतात. पाचट जाळू नका, असं कृषी शास्त्रज्ञही सांगत आले आहेत.

ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी अंगणातल्या किंवा सोसायटीतल्या झाडाची पानं झाडाच्या बुंध्याशीच राहू द्यावीत. ती कचरा नाहीत, कोणाचं तरी जेवण आहेत. मृगाचा किडा आपण वर्षातून चार दिवस पाहतो. त्याचं बाकीचं गोत बाराही महिने आपल्या पायांखाली राबत असतं. त्याला फक्त पालापाचोळा हवा आणि थोडी सवड हवी.