३० सेकंदांचा सल्ला आणि विकोचा खटला

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली, की ठाणे येईपर्यंत मोठ्या कंपन्यांच्या सीईओंच्या दहा-बारा रील्स सहज बघून होतात. 'धीर धरा', 'जोखीम घ्या', 'ग्राहकाचं ऐका'. मीही बघतो, आवडल्या तर सेव्ह करतो. पण ३० सेकंदांच्या सल्ल्यातून नेतृत्व शिकायचं कसं? आज त्यावरच बोलू.

'धीर धरा' हाच सल्ला घेऊ. डोंबिवलीतला विको नाका माहितीये ना? त्या विको कंपनीची सुरुवात केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला केली. सुरुवातीला दंतमंजन घरोघरी फिरून विकलं. पुढे मुलगा गजानन पेंढरकर यांच्या काळात हळदीची क्रीम आली आणि एक्साइज खात्याशी वाद सुरू झाला. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? सौंदर्यप्रसाधन ठरली, तर कर कितीतरी जास्त.

१९७८ मध्ये कंपनीने दावा लावला, तोही आपल्या ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात. तिथे जिंकली. मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट. २००० साल उलटलं तरी वाद मिटला नव्हता. शेवटी सुप्रीम कोर्टातही कंपनीच जिंकली.

आता 'धीर धरा' या दोन शब्दांत काय काय मावतं बघा. वीस-पंचवीस वर्षं वकिलांचा खर्च. डोक्यावर कराची टांगती तलवार. आणि तरीही रोज कारखाना चालवायचा, दुकानात माल पोचवायचा. शिवाय त्यांच्या धीराला आधार होता, हातात आयुर्वेदिक औषधाचा परवाना होता. नुसत्या हट्टावर कोणी इतकी वर्षं कोर्टात उभं राहत नाही.

रीलमध्ये हे येत नाही. सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही, वेळच तेवढा असतो. उरलेलं आपण शोधायचं. त्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. हा निर्णय घेताना त्यांच्या हातात काय होतं? किंमत किती पडली? आणि ती कोणी मोजली?

कल्याणला माझ्या एका मित्राचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. 'जोखीम घ्या' ऐकून तो दुसरा गाळा घ्यायला निघाला होता. आम्ही वही उघडली. डिपॉझिट, सहा महिन्यांचं भाडं, दोन पोरांचा पगार. धंदा बसला तर पहिला पगार त्या पोरांचाच अडकणार होता. त्याने बेत सोडला नाही, पण आधी सहा महिन्यांचे पगार बाजूला काढायचे ठरवलं. नेतृत्वाचा धडा त्याला मिळाला तो त्या वहीत.

तर आज एक काम करा. सेव्ह केलेली एकच रील उघडा आणि हे तीन प्रश्न तिला लावा. उत्तरं काय मिळाली, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!