‘लीकी गट’ म्हणजे आपला बचत गट नव्हे

(प्रभागसंघाच्या सभेत एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एका गटाच्या सभेत मी बसले होते. अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाचून दाखवणं चालू होतं. शेळी, शिलाई मशीन, पोराची फी. मध्येच एका ताईची मागणी आली, सहा हजार रुपये, कारण ‘लीकी गट’. सचिवताईंनी वाचलं आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “कुठला गट लीक झाला गं? पैसे कुणी खाल्ले?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ती ताई हसली नाही. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मग तिने सांगितलं. इंग्रजीत आतड्याला ‘गट’ म्हणतात आणि ‘लीकी’ म्हणजे गळकं. आपलं आतडं गळकं झालंय, असं तिने मोबाईलवर पाहिलं होतं. ओळखीतल्या एका बाईने त्यावरची पावडर दिली होती. तीन डबे, तीन महिने, सहा हजार. पहिला डबा उधारीवर घेऊन झाला होता.

त्या डब्याबरोबर एक कागद होता. आतडं गळत असेल तर काय काय होतं त्याची यादी. पोट फुगणं, थकवा, सांधे दुखणं, केस गळणं, झोप न लागणं, चिडचिड. आता मला सांगा, ही यादी वाचून हात वर करायला सांगितलं तर आपल्यातल्या किती जणी हात खाली ठेवतील? यादीच अशी केलेली की जी वाचेल तिला वाटावं, हे माझंच.

पण म्हणून सगळंच खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. आतड्याचं अस्तर बिघडतं, हे खरं आहे. ते समजून घेऊ.

आपलं लहान आतडं साधारण वीस फूट लांब असतं. आतून त्याला घड्या असतात, आणि घड्यांवर मखमलीसारखी बारीक लव. सगळं पसरून धरलं तर आतड्याच्या आतल्या बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर भरतं. आपल्याला मिळणारं घरकुल २६९ चौरस फुटांचं, त्याहून हे मोठं. आणि एवढ्या सगळ्यावर जे अस्तर आहे, त्याची जाडी फक्त एका पेशीची. अलीकडे तुम्ही खाल्लेलं अन्न, पाणी, जंतू. पलीकडे तुमचं रक्त. मध्ये एवढाच पडदा.

या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांच्यामधल्या जोडाला कुलपासारखी प्रथिनं असतात. गरज असेल तसं हे जोड थोडे सैल होतात, परत आवळतात. म्हणजे आतडं जरासं पाझरतं ते मुळातच. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तसंच. बिघाड कधी? जोड जास्त वेळ सैल राहिले, किंवा अस्तरच खरवडलं गेलं, तर जंतूंचे तुकडे आत शिरतात, अंगात सूज धरते, आणि खाल्लेलं नीट शोषलं जात नाही.

एक चांगली गोष्ट अशी की हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. सारवलेल्या जमिनीसारखं समजा. पोपडे निघतात, आपण परत सारवतो. आतडं स्वतःचं सारवण स्वतः करतं. आपलं काम एवढंच, की रोज कुदळ मारायची नाही.

ही कुदळ कोण मारतं ते बघू. मोबाईलवर सांगतात गहू, दूध, डाळ, सगळं बंद करा. गव्हाचा खरा आजार आहे, सीलिअ‍ॅक म्हणतात त्याला. त्यात अस्तर खरोखर झडतं, आणि गहू कायमचा सोडावा लागतो. पण तो आजार तपासणी करूनच ठरवायचा असतो, आणि ती तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधीच बंद केला तर आजार लपतो. उगाच डाळ-दूध सोडलेल्या बाईच्या अंगात मात्र होतं तेवढंही रक्त राहत नाही.

आपल्याकडची खरी कुदळ आहे दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, अशी नावं असतात. यातल्या काही गोळ्यांनी एका दिवसाच्या आत आतड्याचं अस्तर सैल होतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. जठरात अल्सर होतो, म्हणजे जखम, त्यातून रक्त जातं, तेही या गोळ्यांनीच. आणि भरल्या पोटी घेतली की काही होत नाही, हा गैरसमज आहे. गोळी रक्तातूनही अस्तराला त्रास देते.

तायांनो, इथे मला माझं सांगायला हवं. मी उपकेंद्रात असताना कंबर दुखते म्हणून बाई आली की चार गोळ्या कागदात बांधून द्यायची. किती दिवस घेतेस, असं विचारायला वेळ नसायचा. बाईलाही घाई, मलाही घाई. त्यातल्या किती जणींचं पोट मी बिघडवलं असेल, कोण जाणे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, कापूस वेचणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या, सकाळी नुसत्या चहाबरोबर एक गोळी टाकून निघतात. त्यात ऊन. कडक उन्हात अंगमेहनत केली की रक्त हातापायांकडे आणि कातडीकडे जातं, आतड्याला कमी मिळतं. नुसत्या त्यानेही अस्तर सैल होतं. वर गोळी असेल तर आणखी जास्त. उपाशी पोट, ऊन, मोळी आणि गोळी, हे चारही एकत्र आले की काय होत असेल बघा. म्हणून मुकादमाशी, शेतमालकाशी बोलताना काम पहाटे सुरू करणं, दुपारी सावलीत थांबणं, प्यायला पाणी देणं, हे मागा. ही चैन नाही.

दुसरी कुदळ दारू. दारूने अस्तर सैल होतं आणि तिथून निघालेली घाण सरळ यकृताकडे जाते, कारण आतड्याचं रक्त आधी यकृतातच जातं. त्यावर मी जास्त बोलत नाही. कुणाच्या घरात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरी गोष्ट लेकरांची, आणि तिच्यावर मला जरा थांबायचंय. आपण म्हणतो ना, “पोरगं खातं पण अंगी लागत नाही.” त्याचं एक कारण आतड्यात असतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६० आणि ७०च्या दशकांत आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या आतड्यातली ती मखमलीसारखी लवसुद्धा झिजलेली सापडली. परदेशातून आपल्या बाजूच्या देशांत कामाला आलेल्या तरुणांचंही असंच व्हायचं, आणि ते मायदेशी परतले की काही महिन्यांत बरंचसं सुधारायचं. म्हणजे हे रक्तातलं नाही, नशिबातलं नाही. पाण्यातलं आणि हाताला लागलेल्या घाणीतलं आहे. मोठा जुलाब न होतासुद्धा ही झीज आतल्या आत चालू राहते.

मग संडास बांधला, साबण ठेवला की झालं का? बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो कुटुंबांना संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात टाकायचं क्लोरीन दिलं. बांगलादेशात जुलाब कमी झाले. पण तिन्ही ठिकाणी तेवढ्यावर मुलांची उंची काही वाढली नाही. ज्यांना जोडीने जादा पोषक खाऊ दिला, त्यांची वाढ थोडी बरी झाली. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. आपण इतकी वर्षं साबण-साबण करत फिरलो. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की रांगणारं मूल अंगणातली माती आणि कोंबडीची विष्ठा तोंडात घालतं, ती वाट बंदच झालेली नव्हती.

आणि बघा, परसातल्या कोंबड्यांना कर्ज कोण देतं? आपणच. कोंबड्या ठेवा, अंडं पोराच्या पोटात जाऊ द्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण रात्रीचा खुराडा घरात नको, आणि मूल रांगतं तिथे कोंबडी नको. जुनी साडी पसरून, भोवती आडोसा करून त्याची जागा वेगळी ठेवा. कर्ज मंजूर करताना खुराड्याची जागा विचारायला काय हरकत आहे?

जुलाब झालेच तर ओआरएस. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिपांत भरून लोकांना प्यायला दिलं, आणि मरणारी माणसं वाचली. का वाचली? कारण अस्तर बिघडलेलं असलं तरी साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. म्हणून पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने, असं नको. अंगावर पाजणं आणि जेवण बंद करू नका. आणि झिंकची गोळी चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यावरच्याला २०. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि आपण पत्ता फळीवर ठेवून देतो. जुलाब थांबलेले असतात, सारवण व्हायचं बाकी असतं. झिंक आणि ओआरएस दोन्ही आशाताईकडे फुकट मिळतं.

आता पावडरीचं. चष्मा लावून मी त्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. तंतू, हळद, ज्येष्ठमध आणि गोडवा. तंतू चांगलेच. मोठ्या आतड्यातले जंतू तंतू खातात आणि त्यातून जे आम्ल बनवतात, त्यावर तिथल्या पेशी जगतात. पण तंतू ज्वारी-बाजरीच्या भाकरीत आहेत, मटकीच्या उसळीत आहेत, शेवग्याच्या पाल्यात, गवारीत आहेत. सवय नसेल तर हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. ज्येष्ठमधाचं मात्र जपून. रोज जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो, आणि त्या ताईला रक्तदाबाची गोळी चालू होती. हे डबा देणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं. ती पण कुठल्या तरी गटातलीच, दोन पैसे मिळवायला बघत होती. तिच्यावर मी रागावू शकले नाही.

कर्जाचं काय झालं? गटाने नाकारलं नाही, पुढच्या सभेपर्यंत थांबवलं. ताई चिडली. “माझी बचत आहे, मी कशालाही वापरीन,” म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मी एवढंच म्हटलं, आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल, मग तू म्हणशील तसं.

ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७. डॉक्टरांनी विचारलं, औषधं काय घेता? म्हणाली, बीपीची आणि रक्तवाढीची. बाकी काही नाही. मी विचारलं, गुडघ्याला काय घेतेस? “ते होय? ते रोज सकाळी एक. कधी दोन.” दुकानातून आणलेली गोळी, तिला ती औषधात धरायचीच नव्हती. शौचाला काळं होत होतं, पण रक्तवाढीच्या गोळीने होतं असं सांगितलेलं, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. लोहाच्या गोळीने काळपट होतं, ते खरंच. पण डांबरासारखं चिकट आणि घाण वास येणारं असेल तर ते रक्त असू शकतं, लगेच जायचं. शौचातून लाल रक्त, वजन उतरणं, पंधरा दिवसांहून जास्त जुलाब, झोपेतून उठवणारी पोटदुखी, गिळायला त्रास, यातलं काहीही असेल तर डबा नाही, दवाखाना.

जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीने पाहिलं. जठरात जखम होती. म्हणजे गळत होतं हे खरं, पण आतडं नव्हे, आणि गळत होतं ते रक्त. गोळी बंद, अल्सरचं औषध सुरू. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०च्या वर आलं.

घरी गेल्यावर आपापले पत्ते काढून बघा. नाव एक असतं आणि आत दोन औषधं असतात, पॅरासिटामोल आणि जोडीला डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक. मागचं बारीक अक्षर शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. नुसतं पॅरासिटामोल पोटाला सौम्य, पण तेही जास्त झालं तर यकृत जातं, म्हणून किती घ्यायचं ते विचारूनच. आणि हृदयाच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर माझं ऐकून ती बंद करू नका, त्यांनाच विचारा.

ताईचे गुडघे अजून दुखतात. तिला मांडीचे व्यायाम शिकवलेत, ती ते आठवड्यातून दोनदा करते आणि मला रोज करते म्हणून सांगते. पहिल्या डब्याची उधारी अजून फेडतेय. परवाच्या सभेत तिने पुन्हा कर्ज मागितलं, शेळीसाठी, आणि ते मंजूर झालं. त्या आजी तिला म्हणाल्या, “तो पावडरीचा डबा रिकामा कर आणि मला दे. झाकण घट्ट बसतंय त्याचं, मोहरी ठेवीन.”