कळ थांबली, पण खडा गेला का?



मी डॉक्टर नव्हे, साधा शिक्षक आहे. तरी मूतखड्यावर बोलतो आहे, कारण ही गोष्ट आमच्या घरात घडली.

माझे चाचा आखातात बांधकामावर होते. भर उन्हात काम आणि पाणी कमी. तेथेच त्यांना पहिली कळ आली. सुटीवर गावी आल्यावर एक्स-रे काढला, काढा घेतला, कळ थांबली. खडा विरघळला, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. बारा वर्षांनी लघवीतून रक्त गेले. निकामी झालेले मूत्रपिंड काढावे लागले आणि त्याच्या तपासणीत कर्करोग निघाला. पुढे वर्षही पुरे झाले नाही.

कळ येते ती बहुधा खडा मूत्रवाहिनीत सरकून अडकतो तेव्हा. तो वर मूत्रपिंडातच बसून राहिला, तर वर्षानुवर्षे गप्प असतो आणि वाढत वाढत हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला होतो. वहाण घासून पायाला घट्टा पडतो ना? तसेच खड्याच्या सततच्या घर्षणाने व जंतुसंसर्गाने आतले नाजूक अस्तर बदलते. तेथे त्वचेसारख्या चपट्या पेशी येतात. त्यांतूनच क्वचित कर्करोग उद्भवतो.

क्वचित हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मूत्रपिंडाच्या शंभर कर्करोगांत असा एकही नसतो, म्हणून खडा असलेल्यांनी घाबरू नये. पण याची लक्षणे खड्याचीच: कंबरेत दुखणे, ताप, रक्त. म्हणून तो उशिरा कळतो. पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच.

तेव्हा दुखणे थांबल्यावरही सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करा. चाचा शस्त्रक्रियेला भीत होते. वास्तविक पाठीतल्या लहानशा छिद्रातून खडा काढण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९७६ साली निघाली, आणि बाहेरून आघात-लहरींनी खडा फोडण्याचा पहिला उपचार म्युनिकला १९८० साली झाला. आज दोन्ही आपल्या शहरांत होतात.

आणि पाणी! रोज दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके प्यावे. रमजानात खडेवाल्यांनी रोज्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. शाळेतल्या कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जाववत नाही. हा दोष मुलींचा नव्हे, आम्हा शाळावाल्यांचा.

चाचांचा तो पहिला एक्स-रे अजून घरच्या ट्रंकेत आहे. खडा त्यात स्वच्छ दिसतो. दुसरा एक्स-रे आम्ही बारा वर्षांत काढलाच नव्हता.