किरणोत्सर्गाचा देहावरील आघात

श्रोतेहो, मोठ्या अपघातातून वाचलेला मनुष्य शुद्धीवर राहून बोलू लागला, की आपण निर्धास्त होतो. तीव्र किरणोत्सर्गाच्या बाबतीत मात्र हे लक्षण फसवे ठरते. जपानमधील एक घटना पाहा.

३० सप्टेंबर १९९९ रोजी तोकाइमुरा येथील अणुइंधनाच्या कारखान्यात कामगार युरेनियमचे द्रावण, नियम डावलून, बादलीने एका टाकीत ओतीत होते. टाकीत सुमारे १६ किलो युरेनियम जमले. मर्यादा होती अवघी २.४ किलो. निळा प्रकाश चमकला व अणुभंजनाची साखळी सुरू झाली. सर्वांत जवळच्या कामगाराच्या अंगावर सुमारे १७ ग्रे इतकी किरणमात्रा पडली. उपचार न मिळाल्यास ४ ग्रेच्या आसपासही निम्मी माणसे दगावतात. तरीही पहिले काही दिवस हा गृहस्थ परिचारिकांशी बोलत होता.

असे का व्हावे? किरण पेशींतील गुणसूत्रे तोडतात. त्यामुळे सतत विभागणाऱ्या पेशी नवी प्रजा निर्माण करू शकत नाहीत. विहिरीचा झरा आटला तरी साठलेले पाणी काही दिवस पुरते, रक्ताचेही तसेच. लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी तेवढ्या एकदोन दिवसांतच घटतात, आणि त्यावरूनच डॉक्टर आघाताची खोली अजमावतात. पुढे इतर पांढऱ्या पेशी सरल्या की जंतूंना रान मोकळे मिळते. प्लेटलेट संपल्या की रक्तस्राव थांबत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांची उणीव उशिरा भासते.

आतड्याचे अस्तर तर काही दिवसांतच नवे होत असते. ते झडले, की शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात आणि आतड्यातील जंतू रक्तात शिरतात. त्वचेचीही तीच गत होते.

त्या कामगाराला त्याच्या बहिणीच्या रक्तातील मूळपेशी देण्यात आल्या. त्या रुजल्या, पांढऱ्या पेशी वाढल्याही. परंतु त्वचा व आतडे पूर्ववत झाले नाहीत. ८३व्या दिवशी त्याचा अंत झाला. दुसरा सहकारी एप्रिल २००० मध्ये गेला. ज्याच्यावर पुष्कळ कमी मात्रा पडली होती, तो तिसरा वाचला.

श्रोतेहो, वैद्यकशास्त्र रक्ताचा झरा पुन्हा वाहता करू शकते. साऱ्या देहाची झीज एकाच वेळी भरून काढणे त्याला अद्याप साधलेले नाही. म्हणून अशा कारखान्यातील मर्यादेचा आकडा ही केवळ कागदावरची औपचारिकता नव्हे. तेथे काम करणाऱ्याचे प्राण त्या आकड्यावर अवलंबून असतात.