शोधाचा आलेख आणि तापाची नोंद

इंटरनेटवर लोक काय शोधतात यावरून जनमानसाचा कानोसा घेता येतो, हे खरे. परंतु तो जपूनच घ्यावा. २००८ साली गूगलने शोधशब्दांवरून अमेरिकेतील फ्ल्यूच्या साथीचा अंदाज देण्यास आरंभ केला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात, साथ ऐन भरात असताना, हा अंदाज सरकारी आरोग्ययंत्रणेच्या आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. साथीच्या बातम्यांनी धास्तावलेले निरोगी लोकही लक्षणे शोधत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क होता. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले. गूगल ट्रेंड्समधील १०० हा आकडाही माणसांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात त्या शब्दाच्या शोधाचे प्रमाण केव्हा सर्वाधिक होते, एवढेच तो सांगतो. शिवाय, जिच्या हाती फोनच नाही त्या वृद्धेचा ताप या आलेखात कोठून उमटणार? त्यासाठी आरोग्यसेविकेची नोंदवहीच उघडावी लागते.