पाळणा उशिरा हलवायचा तर...

सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये एक योजना निघाली होती, ‘हनिमून पॅकेज’. लग्नानंतर २ वर्षं पाळणा लांबवला तर जोडप्याला ५,००० रुपये, ३ वर्षं लांबवला तर ७,५००. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलींसाठी ते हिताचंच होतं.

आता साताऱ्या-सांगलीकडेही शिक्षण, नोकरी, उशिरा जमलेलं लग्न, यांत पस्तिशी येते आणि गणित उलटं फिरतं. स्त्रीबीजांचा साठा जन्मापासूनच ठरलेला; पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत झपाट्यानं घसरते. डाउन सिंड्रोम या जन्मजात विकाराची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १,२५० बाळांत एक, चाळिशीत १०० मध्ये एक. उरलेल्या ९९ बाळांना तो नसतो, हेही ऐका!

पस्तिशीनंतर ६ महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर तपासणी दोघांचीही व्हावी. नवरोबांनी बाहेर बाकड्यावर बसून राहू नये. टेस्ट ट्यूब उपचारांना २०२१ च्या कायद्यानं स्त्रीसाठी ५०, पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे. मूल नको असं ठरलं, तर तो निर्णयही त्या दोघांचाच, भावकीचा नव्हे. आणि हवं असं ठरलं, तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून सुरू करा.