मासे येण्याआधीचे सहा आठवडे

समुद्री माशांची टाकी नव्याने सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. 'पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, मग मासे का मेले?'

माझ्या पहिल्या टाकीत हेच झालं होतं. दुकानात सांगितलं, दोन दिवस पंप चालवा आणि डॅमसेल टाका, ते काटक असतात. मी चार टाकले. आठव्या दिवशी एकही उरला नाही. त्यांना रोग झाला नव्हता. आपल्याच कल्ल्यांतून बाहेर टाकलेल्या अमोनियाने त्यांचा जीव घेतला. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी स्वच्छ वाटतं.

खाऱ्या पाण्यात हा धोका जास्त. त्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो, आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

समुद्रात हा अमोनिया जिवाणू संपवतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू आपल्या टाकीत वसवणं, यालाच सायकलिंग म्हणतात. ते मुख्यतः पाण्यात नाही, तर दगड, वाळू आणि फिल्टरच्या पृष्ठभागावर राहतात. दह्याचं विरजण रात्रीत लागतं, यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कारण ते फार सावकाश वाढतात.

आता कृती. आरओचं पाणी घ्या, त्यात मरीन सॉल्ट मिसळा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट घनता 1.025 आणि तापमान 25-26 अंश ठेवा. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घाला. दगड कोरडे, विकत मिळणारे घ्या. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो.

मग जिवाणूंची बाटली ओता, किंवा ओळखीच्या निरोगी टाकीतला थोडा फिल्टरचा मीडिया मागून आणा. हे झालं विरजण. त्यांना खायला अमोनिया हवा, म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून पातळी 2 पीपीएमवर आणा. घरातली फरशी पुसायची, सुगंधी किंवा साबणाची अमोनिया मुळीच वापरू नका.

दर दोन दिवसांनी चाचणी करून वहीत आकडे लिहा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. मग नायट्राइट उतरेल आणि नायट्रेट वाढेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा द्या, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील. मधले दोन आठवडे आकडे जागचे हलत नाहीत, आणि नेमकी तिथेच माणसं कंटाळून मासे आणतात. थांबा. दगडांवर तपकिरी थर येईल, घाबरू नका, तो डायटमचा असतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो.

शेवटची परीक्षा अशी. 2 पीपीएम अमोनिया घाला. 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टाकी तयार. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा, आणि एक किंवा दोनच मासे सोडा. जिवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. एकदम दहा मासे आले तर ते कमी पडतात.

आणखी एक. जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. वीज जास्त वेळ गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा.

सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीने करा, आणि तेही हॅचरीतल्या. त्यांच्या प्रजननाचं तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने आपल्याकडेच विकसित केलं आहे. समुद्री टाकीतले बरेचसे मासे मात्र आजही प्रवाळखडकांतून पकडलेले असतात. तो मासा हजारो किलोमीटरचा प्रवास करून तुमच्या घरी येतो. त्याच्यासाठी सहा आठवडे थांबणं, एवढं तर आपण करू शकतो.

माझी दुसरी टाकी मी सात आठवडे रिकामी चालवली. घरचे विचारायचे, 'हे दगड कधी पोहणार?' पण त्या टाकीत सोडलेला पहिला मासा जगला.